मफलर अरुंद झाला तिथे

प्रिय सरकार,

तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस आणि इथलं राज्य माझ्या हाती आलं. वेळेवर जेवतो. दूध एकदाच उतू गेलं, ओटाही मीच पुसला. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन मात्र दोनदा रद्द झालं, ते तुला ठाऊकच आहे. पांढरा कोट दिसला की माझं प्रेशर आभाळाला भिडतं आणि डॉक्टर हातही न लावता घरी पाठवतात.

आता हसू नकोस. मी क्रोशा शिकतोय! दवाखान्यातल्या सिस्टरने सुई हातात दिली, म्हणाली, काका, गोळीच्या जोडीला हे करा. सगळा जन्म लेथ मशीनवर काढलेला माणूस मी. म्हटलं, हा तर पोरखेळ. पहिल्याच ओळीला घाम फुटला. टाके असे आवळले की सुईच आत शिरेना. त्यावर ती म्हणाली, काका, धागा आहे तो, नटबोल्ट नव्हे! आणि सगळी ओळ उसवायला लावली. तुझ्याखेरीज मला न घाबरणारी ही दुसरीच बाई.

हट्टाने मफलरच घेतलाय विणायला. रागावलो की टाके आवळतात, त्यामुळे माझा स्वभाव त्यात उघडा पडलाय. वरच्या मजल्यावर ड्रिल चाललं तिथे तो अरुंद झालाय. जावईबापूंनी फोनवर मला पथ्यपाणी शिकवलं तिथे तर त्याची नाडीच झालीय. पुढे मात्र ऐसपैस पसरलाय. परवा माझा फिटर दोस्त अचानक टपकला. घाईघाईने सगळं उशीखाली कोंबलं, आणि तो नेमका तिथेच टेकला. सुई टोचल्यावर आधी ओरडला, मग पोट धरून हसला आणि जाताना दोन ओळी विणून गेला. आता रोज येतो आणि माझे टाके मोडीत काढतो.

काल प्रेशर जागेवर सापडलं. पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरलंय. तू दर फोनला विचारतेस, येऊ का? आणि मी म्हणतो, छे, नातीला बघ, मी काय कुक्कुलं बाळ आहे? साफ खोटं आहे ते. मला भीती वाटते गं. फोनवर सांगायला गेलो तर आवाज कापतो, म्हणून हे पत्र. लेक आता हिंडूफिरू लागलीय, तिच्या सासूबाईही आहेत. भूल उतरेल तेव्हा समोर तूच हवीस. मग दुधावरून हवं तेवढं ओरड. पण ये.

तुझाच,
घाबरट फोरमन