गच्चीवरच्या गोधड्या

मंगळवार, संध्याकाळ

आज एकटीनं विमानाचं लांबचं उड्डाण केलं आणि वाटेत आपलं खुटबाव होतं. मांडीला बांधलेल्या टॅबलेटच्या नकाशात मी कालच घरावर खूण करून ठेवली होती. एक बाण सारखा घराकडं, खाली कमी होत जाणारं अंतर. आईला सांगितलं होतं, लाल गोधडी गच्चीवर पसर, म्हणजे वरून मला घर ओळखू येईल.

उड्डाण शिकवणारे सर नेहमी ओरडतात, स्क्रीन कमी बघ, बाहेर जास्त. म्हणून जवळ आल्यावर खाली बघितलं, तर सगळ्या आळीच्या गच्च्यांवर गोधड्या! आईनं कौतुकानं घरोघर सांगितलं असणार, दुसरं काय. त्यात लाल तरी किती. आपली कुठली? शोधेपर्यंत गाव मागं गेलं.

उतरल्यावर आईचा फोन. "दिसली का गं आपली गोधडी? मी तिच्यावरच उभी हुते, हात हलवत."

"दिसली," म्हणाले.

दिवाळीपासून घरी गेले नाही. तो बाण डोळ्यांपुढून हलत नाही. गाव ओलांडताच तो गर्रकन उलटा फिरला आणि उतरेपर्यंत मागंच दाखवत राहिला. मला बंद करता आला असता. केला नाही.