एक्सपुढचं नाव

१ एप्रिल, सोमवार
सहा वर्षं कंत्राटावर, बिऱ्हाड पाठीवर घेऊन, या कंपनीतून त्या कंपनीत हिंडलो. आजपासून नागाओका शहरातल्या या छोट्या कंपनीत कायमची नोकरी. टेबलावर 'मिनागावा' अशी माझी पट्टी, कपाटात माझा कप. आईने घरी शुभप्रसंगाचा लाल भात केला आणि फोनवर रडली. मलाही भरून आलं. शाळांच्या दुपारच्या जेवणाचं सॉफ्टवेअर सांभाळायचं काम आहे. खणात 'हिराइवा' नावाचा, सहीऐवजी मारायचा कुणाचा तरी शिक्का सापडला. शेजारच्या इगाराशी-सानना विचारलं, तर त्यांनी मान तिरकी केली. या नावाचं इथे कुणी नव्हतं म्हणाल्या.

११ एप्रिल, गुरुवार
इथली रीत मला फार आवडली. नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवताना एकाने कागदावरची कमांड मोठ्याने वाचायची; दुसऱ्याने ती टाइप करून पडद्यावर बोट ठेवायचं आणि 'बरोबर' म्हणायचं. वाचणारा नसेल तर कीबोर्डला हात लावायचा नाही. पुढच्या गुरुवारी महिन्याची मोठी आवृत्ती आहे. ती मी चढवणार, इगाराशी-सान वाचणार.

१८ एप्रिल, गुरुवार
घोडं पहिल्याच ओळीत अडलं. कमांडमधल्या एक्स या ऑप्शनपुढे नाव हवं, अशी चूक पडद्यावर यायला लागली. ऑप्शन काढून टाकला, तर तो दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही म्हणे. सर्व्हरचं नाव घातलं, तर ते ओळखीचं नाही. मदतीच्या पानावर एक्ससमोरची जागा कोरी. गेल्या महिन्यात हे कुणी चढवलं, ते कुणालाच आठवेना. विभागप्रमुख तोगाशी-सान चहा घेऊन मागे उभे राहिले आणि म्हणाले, "अहो मिनागावा-सान, त्याला तुमची ओळख नाही अजून. जरा गोड बोला त्याच्याशी." शेवटी इगाराशी-साननीच सुचवलं की आपल्या प्रत्येक कागदावर काम करणाऱ्याचं नाव असतं, तुमचंच घालून बघा. घातलं. त्यांनी वाचलं, मी बोट ठेवलं, 'बरोबर' म्हणालो. क्षणात शेवटची ओळ आली : यशस्वी. माझा जीव भांड्यात पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

२२ एप्रिल, सोमवार
टेबलावरची पट्टी नाही. सफाईवाल्यांनी हलवली असेल. दाराला माझं कार्ड चालेना. दुसऱ्यांच्या मागोमाग आत आलो. कपही सापडला नाही.

२४ एप्रिल, बुधवार
तोगाशी-साननी मला वाकून नमस्कार केला आणि कुणाकडे काम आहे, असं अदबीने विचारलं. थट्टा असेल म्हणून मी हसलो. ते हसले नाहीत. कागदांवरचे माझ्या शिक्क्याचे ठसे फिके झालेत.

२६ एप्रिल, शुक्रवार
आईला फोन केला. आपण कोण बोलताय, म्हणाली. आवाज ओळखला नाही. मुलगा नाही मला, म्हणाली. मला फार भीती वाटते आहे.

३० एप्रिल
आता कुणी उत्तरही देत नाही. दिवसभर त्या दिवशीची नोंद वाचली. आम्ही फक्त शेवटची ओळ पाहिली होती. तिच्या वर एक ओळ आहे : वगळले — मिनागावा. बाकी सर्व चढवले. मार्चच्या नोंदीत : वगळले — हिराइवा. त्याआधीही नावं आहेत, दर महिन्याला एक —

२ मे
वगळलेलं परत घ्यायचा ऑप्शन सापडला. वाचायला कुणी नाही. इगाराशी-सानच्या कानाशी ओरडलो. त्या खिडकी लावून आल्या. रीत मोडून एकट्यानेच टाइप केलं. मिनागावा हे नाव ओळखीचं नाही. पुन्हा. ओळखीचं नाही. पुन्हा —

७ मे
माझ्या टेबलावर नवा माणूस. त्सुकाहारा. पट्टी नवी, कप नवा. खणातून शिक्का काढून विचारत होता, कुणाचा. माझा शिक्का. इगाराशी-साननी मान तिरकी केली.

१६ मे
एक्सला नाव हवं. त्सुकाहारा अडलाय. तोगाशी-सान चहा घेऊन मागे — तीच थट्टा — हसताहेत. इगाराशी-सान सुचवताहेत. मी ही वही त्याच्या डोळ्यांपुढे धरली आहे, मोठ्या अक्षरांत लिहितो आहे, वाच, त्सुकाहारा, स्वतःचं घालू नकोस — त्याने बोट उचललं — स्वतःचं नाव —