खाट दिली, बोट गेली

कासेंगे, ३ ऑक्टोबर १९६८
निरोप समारंभ आटोपला. फार उत्तम. निम्मं गाव रडलं, उरलेलं जेवत होतं. माझं भाषण जरा लांबलं, पण सहा वर्षांचं मिशनचं काम थोडक्यात कसं सांगणार?

इथली रीत अशी की कायमचा निघालेला माणूस घरातल्या वस्तू स्वतःच्या हाताने वाटून जातो. दिलेलं परत मागायचं नाही, उसनंसुद्धा नाही. मागितलं तर दोन्ही घरांना अपशकुन. मी तर या रीतीला बायबलचा आधारच काढून दिला. मोठी खाट आणि आरामखुर्ची आमच्या चर्चचा उपदेशक मुतायोबा याला. निळ्या काठाच्या ताटल्या आमची स्वयंपाकीण कोकूमावशी हिला, कारण इतकी वर्षं तिनेच त्यांत आम्हाला वाढलं. आमच्या मुलीची, लोनेची, छोटी खाट मावशीच्या नातवंडांना. टेबल, कंदील, सायकल, सगळं गेलं. मेरेटे म्हणत होती, आधी बोट धक्क्याला लागू दे, मग काय ते वाट. बायकोची श्रद्धा कमी पडते ती इथे. बोट चौदा तारखेला येते.

६ ऑक्टोबर
रिकामं घर. ट्रंकांवर बसतो. मन हलकं झालंय. कंबर दुखते.

नाताळ मायदेशी, रीबेला, मेरेटेच्या माहेरी. तिच्या वडिलांची नजर चाललीय. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत ती पार जाईल. लोनेला त्यांनी शेवटचं पाहिलं तेव्हा ती तीन वर्षांची होती. नजर जाण्याआधी एकदा नातीचं तोंड बघू दे, एवढंच त्यांचं मागणं. मी शब्द दिलाय. माझा शब्द म्हणजे शब्द.

९ ऑक्टोबर, सकाळ
दवाखान्यात रेडिओवर बोललो. रोज सकाळी सगळ्या मिशनांची माणसं बोलतात आणि सगळ्यांना सगळं ऐकू येतं. मुख्य कचेरीतून सेक्रेटरी ओलुफसेन म्हणाला, माझ्या जागी येणाऱ्या टोगेबीला कावीळ झालीय, तो इतक्यात येत नाही. पण तू ठरल्याप्रमाणे नीघ, मुतायोबा सांभाळेल ना? मला हसूच आलं. मुतायोबा शेजारी बॅटरीची वायर धरून उभा होता, तोही हसला असावा. मी सांगितलं, माझ्याशिवाय ही माणसं पोरकी होतील, महिनाभर थांबतो.

मेरेटेला सांगितलं की कचेरीचा हुकूम आहे. तसा खोटेपणा नाही. हुकूम आला असता, मी फक्त त्यांचे कष्ट वाचवले.

१० ऑक्टोबर
मेरेटेने भरलेल्या ट्रंका परत उघडल्या. फार समजूतदार बाई. लोनेने मात्र विचारलं, बाबा, तू रेडिओवर इतक्या मोठ्याने का हसलास? दवाखान्यातल्या त्या नर्सबाई बाजारात जाऊन काय काय सांगतात कोण जाणे.

१४ ऑक्टोबर
बोट आली. बोट गेली.

१९ ऑक्टोबर
चटईवर झोपणं प्रकृतीला चांगलं. दुपारी मुतायोबाकडे धर्मग्रंथांवर चर्चेला जातो. आज दानीएलच्या गोष्टीवर बोलता बोलता त्याच्या, म्हणजे माझ्या, खाटेवर डोळा लागला. त्याची बायको तान्ह्या पोराला घेऊन मी उठेपर्यंत अंगणात बसून राहिली. सुसंस्कृत माणसं.

जेवण कोकूमावशीकडे. उकडलेली केळी आणि घेवडा, निळ्या काठाच्या ताटल्यांतून. ती म्हणाली, "माणूस गेला की त्याची फार आठवण येते म्हणतात, पाद्रीबाबा. तुम्ही एकदा जाऊन तर बघा." मला भरून आलं.

संकल्प: पहाटे उठणे. घंटेचा मनोरा पुरा करणे. दुपारची झोप बंद.

२० ऑक्टोबर
उशिरा उठलो. चटई.

४ नोव्हेंबर
अकरा तारखेच्या बोटीने नक्की. त्यामुळे पुन्हा निरोप समारंभ. मीच जाहीर केला, लोक भिडस्त असतात. या वेळी माणसं कमी होती, पीक काढायचे दिवस असावेत. मागच्या खेपेला बकरा होता, आता एक कोंबडी, तीही वयोवृद्ध. गाणाऱ्या मंडळींनी एकच कडवं म्हटलं. वाटायला काही उरलं नव्हतं, पण रीत ती रीत. मी रेनकोट दिला आणि तळणीचा तवा दिला. मेरेटेचं अंडं त्यात होतं, ते तिने आधी काढून घेतलं.

८ नोव्हेंबर
रेडिओवर ओलुफसेनला स्पष्ट सांगितलं, मनोरा अर्धवट आहे, मी गेलो तर ही मंडळी घंटा वाकडी टांगतील. तो म्हणाला, अक्सेल, ते तुझं तू ठरव. केवढा विश्वास!

घरी सांगितलं की कचेरी ऐकतच नाही. मेरेटे ट्रंकेवर बसून लोनेचा फ्रॉक शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "उचलली जीभ, लावली टाळ्याला. रेडिओ अख्खं गाव ऐकतं, अक्सेल. बाबा आता चालताना भिंत चाचपतात."

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पुढची बोट दोन डिसेंबरला, त्यानंतर ती दुरुस्तीला जाते ती थेट जानेवारीअखेर येते. म्हणजे दोन डिसेंबर. आता बदल नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
आज माझं वर्षातलं सर्वोत्तम प्रवचन. विषय: मोह. दुर्दैवाने आजच नाकतोड्यांची झुंड उतरली. वर्षातून एकदा येतात आणि इथे त्यांच्यापुढे सणही फिके. सगळं गाव गोण्या घेऊन माळावर. चर्चमध्ये मी, मेरेटे आणि लोने. दुसऱ्या मुद्द्याला लोनेही पळाली. हजेरी कमी, कारण हवामान.

संध्याकाळी कोकूमावशीने तळलेले नाकतोडे वाढले. मी निषेध म्हणून खाणार नव्हतो. फार कुरकुरीत होते.

२९ नोव्हेंबर
घंटा चढली. थोडी डावीकडे झुकते, पण तो वाऱ्याचा दोष. वाजते छान. एकदा वाजवली की मात्र आपोआप थांबत नाही. हे नीट केल्याशिवाय कसं निघणार? मेरेटे सामान भरतेय. भरू दे, हाताला काम हवंच.

१ डिसेंबर
मेरेटेने सांगितलं, ती आणि लोने उद्या जाणार. मी म्हटलं, नंतर बोलू. बायकांनी तिच्यापुरता निरोप केला. तिच्याकडे द्यायला काहीच नव्हतं, तरी सगळं गाव लोटलं. दोन बकरे होते. कोकूमावशी तिच्या गळ्यात पडून इतकी रडली की मला खिशातलं भाषण काढता आलं नाही. कोणी काढ म्हणालंही नाही.

२ डिसेंबर
धक्क्यावर तिची समजूत घालायला गेलो. माझं तिकीटही तिने काढून ठेवलं होतं. सांगितलं, मनोरा आहे, नाताळची तयारी आहे, माझ्या पायांत बेड्या आहेत. ती म्हणाली, "तुला इथे कोणी कोंडून ठेवलेलं नाही. चढ वर."

पाच पावलांवर बोटीत चढायची फळी होती. मुतायोबा, कोकूमावशी, नर्सबाई, सगळे बघत होते. मी चढलो असतो तर त्यांना वाटलं असतं, याच्यावाचून आपलं भागतं. म्हणालो, जानेवारीत येतो. मेरेटेने माझ्या कोटाचं बटण लावलं आणि गेली. लोने कठड्याशी उभी राहून हात हलवत होती. बोट ठिपका झाली तरी मी हात हलवत होतो. मग पाहिलं तर धक्क्यावर मी एकटाच.

घरी ट्रंकाही नाहीत. जमिनीवर बसलो.

८ डिसेंबर
ओलुफसेन म्हणाला, अरे, तू अजून तिथेच? पंधराला मुतायोबाला पाद्री करायचंय, चर्चच्या पंचांनी जुलैतच मागणी केली होती, तुला सांगितलं होतं की. सांगितलं होतं खरं. मला वाटलं, म्हणजे पुढे कधीतरी, मी म्हातारा झाल्यावर. टोगेबीचं विचारलं. तो बरा झालाय, पण त्याला आता पाठवत नाहीत, गरज नाही म्हणे.

गरज सरो, वैद्य मरो. मुतायोबा वायर धरून उभा होता. या वेळी तो हसला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

१६ डिसेंबर
खाट घरी परत आली. बरोबर मुतायोबा, त्याची बायको आणि पोरंही आली. मिशनचं घर पाद्र्याचं, आणि पाद्री आता तो. दारातच त्याने माझ्या हातावर चघळायच्या कॉफीच्या बिया ठेवल्या. या गावात त्या पाहुण्याला देतात. बसा, पाद्रीबाबा, म्हणाला. आरामखुर्चीत तो बसला. मी लोनेच्या खोलीत चटईवर आहे. भिंतीवर तिने पेन्सिलीने बर्फ काढलेला आहे. तिला आठवत नसणार, तरी बराचसा बरोबर काढलाय.

२४ डिसेंबर
सकाळी रेडिओ. ओलुफसेनने रीबेहून आलेली तार वाचली. "पोचलो. बाबांनी लोनेला पाहिलं. नाक त्यांच्यावरच गेलंय म्हणाले."

पुन्हा वाच म्हटलं. त्याने वाचली. माझ्यासाठी काही आहे का विचारलं. नाही म्हणाला, एवढंच आहे. मी तिसऱ्यांदा वाच म्हणणार होतो, पण मुतायोबाने खांद्यावर हात ठेवला. बाकीच्यांनाही बोलायचं होतं.

आज नाताळच्या उपासनेला दुसऱ्या रांगेत बसलो. प्रवचन मुतायोबाचं. लहानसं. घंटा त्याने आधीच सरळ करून घेतली होती, वाजली आणि थांबली. कोणी पोरकं दिसलं नाही.

जेवताना कोकूमावशीला सहज म्हटलं, जानेवारीअखेरच्या बोटीने आता नक्की निघतो, तेव्हा निरोपाचं कसं काय करायचं? तिने माझ्या ताटलीत आणखी एक केळं वाढलं.

"तुमचे दोन झालेत, पाद्रीबाबा," ती म्हणाली. "आता नुसतं जा."