तुला येणारा एकच इंग्रजी शब्द

आई,

आज पाथर्डीहून येताना जीपवाला म्हणाला, "मावशी, जरा अ‍ॅडजस्ट करा," आणि माझ्या मांडीवर कुणाची तरी पिशवी आली. तुझी आठवण झाली आणि रागही आला. तुला येणारा इंग्रजी शब्द हा एवढाच. तो तू जीपमध्येच उचललास आणि घरभर वापरलास. कालवणात मीठ नाही, अ‍ॅडजस्ट कर. कोपीत, त्या एवढ्याशा खोपटात, पाय पसरायला जागा नाही, अ‍ॅडजस्ट कर. बेलापूरकडच्या फडात तुझ्या नवऱ्याने, दादांनी, उसाने तुझी पाठ फोडली, चोळी रक्ताने चिकटली, तरी तू डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरकडे निघालेली. मी मागे रडतेय, तर म्हणतेस, "गप. अ‍ॅडजस्ट करावं लागतं." मार खाण्याला किती साधं नाव ठेवलं होतंस तू!

मग माझं लग्न. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा, त्याला मुकादम टोळीत घ्यायला नाखूश. माझ्या नवऱ्याला बायको हवी होती ती त्यासाठी. पहिल्याच हंगामात त्याने माझे दात पाडले. मी तिसगावला तुझ्याकडे पळून आले. तू हळद लावलीस आणि परत धाडलंस. "म्या न्हाई का केलं अ‍ॅडजस्ट? तू बी कर." पुढच्या खेपेला मनगट मोडून आले, तेव्हा तू मला ठेवून घेतलंस.

टोळी निघायच्या दिवशी नवरा आला. केसांना धरून मला टेम्पोकडे फरफटत नेऊ लागला. मोडका हात दगडांवर आपटत होता, टेम्पोतलं कुणी खाली उतरत नव्हतं. तू ओट्यावर उभी. मला वाटलं, आता तोच शब्द म्हणशील. तू कोयता उचललास आणि उलट्या बाजूने त्याच्या कोपरावर हाणलास. हाड मोडलं. तो गुडघ्यांवर आला, तरी तू खांद्यावर आणखी एक घातलास. चेहरा ऊस तोडतानाचाच, शांत. जावयाला कधी अहो-जाहोशिवाय न बोलणारी तू म्हणालीस, "जा आता. एका हातानं तोड ऊस. कर अ‍ॅडजस्ट."

लोक म्हणतात, आईने पोरीला सोडवलं. खरंच आहे ते. पण त्याआधी परत धाडलंस, त्याची चीड तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी गेलेली नाही. हे कुठल्या पत्त्यावर पाठवू? तुला माती दिली तेव्हा मी रडले नाही. घरी येऊन नवऱ्याचं हाड मोडतानाचा तो आवाज आठवला आणि, आई, मला बरं वाटलं.