'लोखंडी सासरा'मधील चुकीचे वाक्य दुरुस्त न करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य दुरुस्ती अधिकारी,
जुने चित्रपट जतन व शुद्धीकरण कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोर.

विषय : 'लोखंडी सासरा' या चित्रपटातील शेवटचे वाक्य आहे तसेच चुकीचे राहू देण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे 'अभिनंदन' या शीर्षकाचे पत्र.

महोदय,

१. उपरोक्त पत्र मिळाले. आपण चित्रपटावरचे ओरखडे काढले, त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. पुढे आपण कळवता की, शेवटच्या प्रसंगातील 'शब्ददोष' दुसऱ्या कलाकाराच्या आवाजात दूर केला असून जुनी प्रत येत्या सोमवारी नष्ट करण्यात येईल. हे वाचून अर्जदाराने कपाळाला हात लावला. ती प्रत कृपया नष्ट करू नये, एवढीच विनंती आहे. पुढचा मजकूर केवळ आपल्याला पटावे म्हणून लिहिला आहे, कारण तोंडी सांगून सांगून अर्जदाराने हात टेकले आहेत.

२. चित्रपट चांगला आहे, असा अर्जदाराचा दावा नाही. तो भिकार आहे. शास्त्रज्ञ नायक मेलेल्या सासऱ्याला पत्र्यात घालून जिवंत करतो आणि सासरा जावयाच्याच मागे लागतो, अशी गोष्ट. पत्रा पाण्याच्या टाकीचा आहे. एका दृश्यात त्यावर टाकीवाल्याचा फोन नंबर वाचता येतो. रडायच्या जागी नायिकेला शिंक येते, आणि तीही ठेवली आहे. समीक्षकांनी धू धू धुतला, थिएटरवाल्यांनी आठवडा पुरा होऊ दिला नाही. सगळे मान्य. पण भिकार असणे वेगळे आणि नकोसे असणे वेगळे, हे आपल्या कार्यालयात कोणाच्या गळी उतरेल तर शपथ!

३. आता त्या वाक्याविषयी. शेवटी लोखंडी सासरा भट्टीत उडी घेतो. त्या वेळी त्याने "मी जातो!" अशी गर्जना करायची होती. परंतु निरोप घेताना पत्र्याच्या आतल्या माणसाच्या तोंडून 'जातो' असे कधी आले नव्हते. कोणाच्या येते? कॅमेरा सुरू झाला आणि तो घरातून निघाल्यासारखा म्हणाला, "बरं, येतो हं." आणि गेला भट्टीत. रीळ संपत आले होते, दिग्दर्शकाने तसेच ठेवले. प्रेक्षक खो खो हसले आणि चित्रपट बुडाला. आज मात्र शिंप्यापासून दातांच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे दर महिन्याला आपल्याकडूनच ही प्रत नेतात, बंद पडलेल्या टायपिंग क्लासात चादर बांधून पाहतात, आणि ते वाक्य आले की अख्खी खोली ओरडते, "या!" त्या एका 'या'साठी लोक कामधाम सोडून येतात. "मी जातो"वर त्यांनी काय ओरडावे? "जा"?

४. पत्र्यातील सदर इसम अर्जदाराचे सासरे होत. (होय, खरे सासरे. यावर आपले खिडकीवरचे साहेब आधीच हसून घेऊन मोकळे झाले आहेत.) त्यांना पुढे कोणी काम दिले नाही, म्हणून त्यांनी सायकलींचे दुकान चालवले. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला. आता ते पाटीवर लिहितात. त्यांच्या आवाजाचे दुसरे रेकॉर्डिंग घरात नाही; अर्जदाराच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ते बोलताना दिसतात, पण ऐकू येतो तो बँड. अर्जदाराची पत्नी प्रत्येक खेळाला येते ती वडिलांना ऐकायला.

५. हे निवेदन केल्यावर आपल्या कार्यालयाने सहानुभूतीपूर्वक तोडगा काढला : 'मूळ कलाकार हयात असल्यास त्यांनी समक्ष येऊन योग्य वाक्य म्हणावे.' आवाज गेल्याचे अर्जदाराने कळवले. उत्तर आले : 'आवाज गेल्याचे समक्ष दाखवावे.' सासऱ्यांना वाटले मुलाखत आहे. बिचारे इस्त्रीचा शर्ट घालून आले. आपल्या माणसाने त्यांना माइकसमोर बसवले आणि म्हटले, "काका, अगदी मोकळेपणाने बोला." त्यांनी हसून पाटी पुढे केली. पाटी रेकॉर्ड होत नाही, असे सांगण्यात आले आणि कागदावर शेरा पडला, 'कलाकाराचे सहकार्य नाही.' महोदय, त्या क्षणी अर्जदाराच्या जिभेवर जे आले, ते कार्यालयीन मराठीत बसत नाही.

६. तरी डब्यावर 'सदोष' लिहा, 'भिकार' लिहा, लाल शाईने लिहा. अर्जदार खाली सही करील. आपली शुद्ध प्रत खुशाल काचेच्या कपाटात मिरवा. फक्त जुनी राहू द्या. पुढचा खेळ सोमवारनंतरच्या शनिवारी आहे. सासरे पहिल्या रांगेत बसतात. यातले काहीही त्यांना सांगण्याची घरात कोणाची हिंमत झालेली नाही. त्या दिवशी पडद्यावर कोणी परका खणखणीत आवाजात "मी जातो" म्हणाला आणि ते मागे वळून माझ्याकडे बघू लागले, तर मी त्यांना काय सांगायचे, तेवढे कृपया लेखी कळवावे.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
लोखंडी सासऱ्याचा जावई
दिनांक : गुरुवार, कार्यालय सुटण्यापूर्वी

सोबत : १. आपल्या अभिनंदनपत्राची प्रत.
२. सासरे हयात असल्याचा दाखला. (आवाज गेल्याचा दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो, ते कोणी सांगितले नाही.)