भट्टीच्या वहीतली एक ओळ

मी, खाली सही करणार, वय अडुसष्ट, शिक्षण मॅट्रिक, धंद्याच्या रकान्यात घरकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. छाती बिघडली असली तरी डोके शाबूत आहे, असा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे. देवाला जे सांगायचे ते मी रोज सांगते. हे माणसांसाठी.

१. राहते घर माझ्या दिवंगत पतींनी माझ्या नावावर घेतले होते. प्रेमापोटी नव्हे, कर वाचावा म्हणून. मागची खोली आणि तिला लागून असलेली भट्टीची शेड सोडून ते मुलाला द्यावे. "आई, ती धुळीची खोली पाडून गाडी लावायला जागा करू या का?" असे त्याने फोनवर विचारले होते. त्याचे उत्तर हेच समजावे.

२. मागची खोली, शेड, तराजू, चाळण्या, मेण वितळवण्याची पातेली आणि तारेच्या जाळीचे भेंडोळे सूनबाईला. लग्नानंतर चौथ्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, "आई, प्लॅस्टरमध्ये पाणी घालायचं की पाण्यात प्लॅस्टर?" चाळीस वर्षांत हा प्रश्न मला घरातल्या कोणी विचारला नव्हता. यजमानांनी घडवलेली काच पाहायला पुष्कळ लोक येत. काच ज्यात वितळून आकार घेते तो साचा कोणी केला, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

३. साच्यांची वहीही तिलाच. माझ्या हातचा बशीचा साचा चौदा भट्ट्या सोसतो. धाकट्या दिरांचा दुसऱ्यातच तडकतो. यात जादू काही नाही. प्लॅस्टर, गारेची म्हणजे गारगोटीच्या दगडाची पूड आणि पाणी वजनाने सारखे. वाटीने मोजायचे नाही. पूड पाण्यावर भुरभुरायची, ती पाणी पिईपर्यंत हात आवरायचा. आतला थर मऊ, बाहेरच्या थरात जुने भाजलेले साचे कुटून घालायचे आणि मध्ये जाळी. मग वाळू द्यायचे. सगळे घोडे या शेवटच्या वाक्यावर अडते, कारण त्याला सबुरी लागते.

अट एकच. गारेची पूड चाळताना तिने तोंडाला चांगला मास्क लावायचा. मी पदर लावत असे. पदराने काय अडले, ते माझ्या छातीच्या फोटोत दिसते. मास्क आणा म्हटले की यजमान म्हणत, "स्वयंपाकघरात धूर नसतो का?" पाहुण्यांना काच दाखवायला पांढरे हातमोजे मात्र डझनाने येत.

४. बँकेतली शिल्लक मुलगा आणि सून यांना निम्मी निम्मी. यजमानांचा पारितोषिक घेतानाचा मोठा फोटो मुलाने न्यावा. मी रोज पुसला, तेवढे पुरे.

५. भट्टी माझे दागिने मोडून घेतली. पावती माझ्या नावाची आहे. तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी एका इस्पितळाच्या दालनासाठी कमरेएवढा काचेचा मासा करायचा होता. त्याच्या साच्यावर मी अकरा दिवस बसले; एकेक खवला दातकोरणीने साफ केला. काचेचे तुकडे भरलेला साचा भट्टीत मंद आचेवर वाळत होता. वरच्या भोकावर मी आरसा धरला, तो धुरकटला. म्हणजे आत अजून ओल होती. मी म्हटले, "भाऊजी, अजून दोन दिवस आच वाढवू नका."

दीर हसले. "वहिनी, या वयात आरशात काय बघता? जा, चहा टाका."

त्यांनी आच वाढवली. वाफेने साचा फुटला आणि काच वितळून भट्टीच्या तळाला पसरली. प्रत्येक भट्टीची नोंद यजमान एका वहीत करत. त्यात पान दोनशे बारावर त्यांनी लिहिले, "साच्यात दोष." जेवताना मी विचारले तेव्हा म्हणाले, "त्याचं लग्न ठरतंय. त्याचं नाव कशाला खराब करायचं? तुझं काय, तू तर घरातच असतेस." आणि भाजी मागितली. मी वाढली.

तेव्हापासून पाहुण्यांना साचेवाले म्हणून दीर भेटू लागले. साचे मीच करत राहिले. "वहिनी पाणीबिणी आणून देतात," असे ते माझ्यासमोर सांगत. रोजच्या प्रार्थनेत घरातल्या सर्वांची नावे घेते. दिरांच्या नावाशी आले की पुढच्या नावावर जाते. देवाला हे ठाऊक आहे.

तरीही भट्टी दिरांना द्यावी. मात्र माझ्यामागे तीन महिन्यांत त्यांनी पान दोनशे बारावर स्वतःच्या अक्षरात लिहावे की साचा ओला असताना आच त्यांनी वाढवली. न लिहिल्यास भट्टी सूनबाईची.

६. वरील मजकूर काल लिहिला. आज दीर तब्येत विचारायला आले. म्हटले, मेल्यानंतर कशाला, समोरच विचारावे. यजमानांची भट्टीची वही उघडून पुढे ठेवली.

पान वाचून म्हणाले, "वहिनी, दादा गेला. आता त्याच्या वहीत मी खाडाखोड करू?"

"खाडाखोड नको. खाली जागा आहे, एक ओळ लिहा."

त्यांनी पेनाचे टोपण काढले, परत लावले. "एकोणीस वर्षांनी लोक काय म्हणतील?"

"एकोणीस वर्षं लोक काय म्हणतायत, ते मी ऐकतेच आहे."

"तुम्हीपण ना वहिनी, कुठलं काय धरून बसता!" असे म्हणून चहा घेऊन गेले. जाताना, साच्यांची वही दोन दिवस मिळेल का, असेही विचारले.

सबब कलम पाचमधील तीन महिन्यांची मुदत मी रद्द करते. भट्टी सूनबाईची, विनाअट.

ती ओळ दुसऱ्या कोणीतरी लिहावी म्हणून मी इतकी वर्षे थांबले. आज यजमानांच्या अक्षराखाली मीच लिहिली: "साचा ओला होता. आच वाढवू नका, असे मी सांगितले होते. साचा माझा होता." त्याखाली माझे पूर्ण नाव लिहिले आहे. त्या वहीत ते पहिल्यांदाच आले. साक्षीदारांनी या कागदासोबत तेही पान वाचावे आणि मगच सही करावी.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपीकाका (सही) पान २१२ वाचले.
२. डॉक्टरीणबाई (सही) पान २१२ वाचले.

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: १४ फेब्रुवारी २०१९