कॉर्नेट, चार तबकड्या आणि अर्धा सूर

मी, रुपराव सोमाजी गेडाम, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखे पितळी वाद्य वाजवणे, राहणार मनीषनगर, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. शंभर वर्षांपूर्वीचे अमेरिकन जॅझ नागपुरात वाजवणाऱ्याला असा दाखला मिळेल, असे माझ्या घरात कोणालाच वाटले नव्हते.

१. मनीषनगरचा फ्लॅट आणि बँकेतील ठेव पत्नी सुभद्रा हिला. पंचेचाळीस वर्षे तिने माझा रियाज सोसला. "आज तोंड नाही आलं का तुमचं?" असे रोज सकाळी मायेने विचारले. माझ्या पश्चात तिला शांतताही मिळणार आहे. ती तिने मनसोक्त उपभोगावी.

२. बेसा येथील प्लॉट मुलगा अंकुश याला. अंकुशचा डीजेचा धंदा आहे. त्याच्या भिंतीएवढ्या पेट्या सुरू झाल्या की शेजाऱ्यांची तावदाने नाचतात, नवरदेव मात्र कानावर हात ठेवून उभा असतो. आमच्या बँडबद्दल त्याचे मत असे: "बाबा, सहा जण सहा वाटेनं वाजवून राहिले, अन् तुम्ही म्हणता गाणं हाय!" बेटा, जुने जॅझ तेच. कॉर्नेट चाल धरते, क्लॅरिनेट तिच्याभोवती घिरट्या घालते, ट्रॉम्बोन खालून टेकू देतो. कोणी कोणासाठी थांबत नाही, तरी सगळे एकदमच मुक्कामाला पोचतात. आपल्या घरात हे कधी घडले नाही, म्हणून तुला ओळखू आले नसावे. प्लॉटसोबत त्याला कापसाचा एक डबा द्यावा.

३. बँडची सर्व वाद्ये, ग्रामोफोन आणि चार तबकड्या मुलगी मोनाली हिला. ती शाळेत गणित शिकवते आणि आमच्यात ट्रॉम्बोन वाजवते. तिच्या लग्नाच्या वेळी पाहुण्यांना मी "मुलीला विणकामाची आवड आहे" असे सांगितले होते, त्याबद्दल जावईबापूंची लेखी माफी मागतो. बँड तिनेच चालवावा. मौद्याच्या वीजकेंद्रातून पाळी संपवून येणारा आमचा ड्रमवाला तिचे ऐकतो. माझे कोणीच ऐकत नाही.

४. बँडसोबत एक भानगडही तिच्याकडे जात आहे. मी आणि लहानू मेश्राम वरातीच्या बँडमध्ये एकत्र वाढलो. तिथेच असताना आम्ही कबाड्याकडून तो ग्रामोफोन आणि तबकड्या आणल्या आणि कानाने उचलून चारही चाली बसवल्या. तीस वर्षे लोक टाळ्या वाजवत होते. मग बारा वर्षांपूर्वी मुंबईचा एक अभ्यासक आला आणि त्याने फोनवर मूळ वादन ऐकवले. आमचा ग्रामोफोनच बिघडलेला, ठरल्यापेक्षा जोरात फिरणारा होता. म्हणजे आम्ही तीस वर्षे सगळे घाईने आणि अर्धा सूर वर वाजवत होतो.

लहानू म्हणाला, "रुपराव, सुधरवून घेऊ गा."

मी म्हणालो, "तुले सुधरवायचं असन तं घरी जाऊन सुधरव."

तो आपली क्लॅरिनेट उचलून गेला. त्याचे घर पायी दहा मिनिटांवर आहे, पण बारा वर्षांत आम्हा दोघा विद्वानांना तो रस्ता सापडलेला नाही. क्लॅरिनेटवाचून आमचा बँड म्हणजे तर्रीच्या झणझणीत रश्श्यावाचून पोहे.

५. पुढचे मोनालीलाही ठाऊक नाही. त्याच आठवड्यात मी चारांपैकी एक तबकडी चांगल्या यंत्रावर, योग्य वेगाने ऐकली. जी अंत्ययात्रेची चाल आम्ही वरातीच्या सवयीने आणखीच पळवत होतो, ती जड पावलांनी चालत होती आणि क्लॅरिनेट तिच्या मागे रडत होती. मीही रडलो. लहानूचे खरे होते. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जायला चपला घातल्या आणि चौकातून दुधाची पिशवी घेऊन परत आलो.

६. म्हणून माझ्या अंत्ययात्रेत जाताना ती चाल संथ, अर्धा सूर खाली, लहानू म्हणाला होता तशी वाजवावी. परतताना आमच्या चुकीच्या सुरात पळवावी. जिथले हे संगीत आहे तिथली रीतच आहे की जाताना रडायचे आणि येताना नाचायचे. क्लॅरिनेटच्या जागी दुसऱ्या कोणाला उभे करू नये. जागा रिकामी राहिली तरी चालेल.

७. लहानू मेश्राम याला मी काहीही ठेवलेले नाही. वकीलसाहेब म्हणाले की ज्याला काही द्यायचे, त्याला साक्षीदार करू नये. मला तो साक्षीदार हवा होता. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, हेही ते म्हणाले. परंतु या साक्षीदाराने प्रत्येक पान वाचल्याशिवाय त्याच्या हाती पेन देऊ नये. तोंडाने जमले नाही म्हणून लेखी देतो: लहानू, माझं चुकलं.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे करण्याइतका दमही नाही.

ठिकाण: नागपूर
दिनांक: १२ डिसेंबर २०२५

(सही) रुपराव सोमाजी गेडाम

साक्षीदार १: (सही) पंचफुला वासनिक, शेजारीण

साक्षीदार २: (सही) लहानू मेश्राम. सगळं वाचलं. काहून गा, इतकं सांगायले मरायची वाट पाहून राहिला का? जिवंत हायेस तवर वाजवू. रविवारी क्लॅरिनेट घेऊन येतो.